सुंदराचं अवधाण

आळ्याच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात रविंद्र साळवे नावाचा आरोग्यसेवक होता. त्याच्याकडे सुई टोचून घ्यायला जायचं म्हणजे घरून वेळ काढूनच निघावं लागे. टोचायला त्याला पळभर पुरायचं, पण ती सुई अंगात जाऊन काय काय करते हे सांगितल्याशिवाय गडी सोडायचा नाही. म्हाताऱ्या बाया कदरून म्हणायच्या, "आरं टोच की बाबा एकदाची, माझी यष्टी जायची." लोक हसायचे, नावं ठेवायचे, आणि ऐकायचेही. हे नव्वदच्या दशकातलं. पुढं त्याच माणसाच्या तोंडून "पाच सुया, पाची घ्यायच्या" यापलीकडे शब्द निघेनासा झाला. तो का, हे सांगायचं तर सुंदराचं सांगावं लागतं.

रविंद्र बोरी बुद्रुकचा. त्याचा आजा कुशाबा गावची येसकरी करायचा. शिवेवर काही घडलं, कुणाचं जनावर पडलं, ओढ्याला अनोळखी मढं लागलं, की चावडीवर वर्दी द्यायची कुशाबानं. नुसतं सांगून भागत नसे. महाराच्या शब्दावर कोण उठतो? मग कुशाबा पुरावा घेऊन जायचा. मेलेल्या जनावराचा कान, नाहीतर मढ्याच्या अंगावरच्या कापडाची चिंधी. चावडीच्या पायरीखाली उभं राहून ती हातावर धरायची आणि एकेकाला दाखवायची. ज्याला ओळख पटेल तो उठायचा. तोही लगेच उठेल असं नाही. वर घुंगुरकाठी आपटावी लागायची. काठी वाजली नाही तर ओळख पटलेला माणूससुद्धा कूस बदलून म्हणायचा, बघू उद्या. छप्पन सालानंतर रविंद्रच्या बापानं, बाजीरावानं, ती काठी चुलीत घातली आणि येसकरी सुटली. रविंद्रनं आजा पाहिला तो खाटेवर पडलेला. पण चिंधीची गोष्ट त्यानं ऐकली होती, आणि ती आठवली की त्याचं डोकं फिरायचं.

जुन्नरला कॉलेजात सायन्सची दोन वर्षं झाली आणि बाप गेला. शिक्षण तिथंच राहिलं, रविंद्र आरोग्य खात्यात लागला. पुस्तकाची ओढ मात्र गेली नाही. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाँडची वर्षं काढायला आला होता. दुपारी पेशंट सरले की तो पुढच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक उघडून बसायचा, आणि रविंद्र डबा खाता खाता त्यात डोकवायचा. एक दिवस त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. चारी बाजूंनी फांद्या फुटलेली एक पेशी होती.

डॉक्टर म्हणाला, "ही डेंड्रिटिक सेल. कातडीत बसून असते, अगदी शिवेवर म्हणा. बाहेरचं काही आत आलं, जंतू असो नाहीतर लस, की ही त्याला गिळते, तुकडे करते आणि त्यातला एक तुकडा आपल्याच अंगावर बाहेरून लावून घेते. मग जागा सोडून निघते. काखेतल्या नाहीतर जांघेतल्या गाठीत जाते. तिथं टी पेशींची ही गर्दी. पण प्रत्येक टी पेशीला एकच ठरावीक तुकडा ओळखता येतो. ही एकेकीपुढं जाऊन तुकडा दाखवत फिरते. हजारो जणी बघतात आणि सोडून देतात. एखादीला ओळख पटते. पण नुसत्या ओळखीवर ती उठत नाही. धोका खरा आहे अशी दुसरी खूण हिनं द्यावी लागते. ती नाही मिळाली तर ओळख पटलेली टी पेशीसुद्धा सुस्त होऊन पडते. मिळाली तर मात्र वाढायला लागते, एकीच्या हजारो होतात. काही लढायला जातात, काही दुसऱ्या पेशींना मदत करून जंतूवरचं औषध रक्तात तयार करून घेतात."

रविंद्रचा घास हातातच राहिला. "साहेब," तो म्हणाला, "हा माझा आजा आहे."

त्याला ते किती लागलं असेल बघा. गावानं ज्या कामापायी कुशाबाला पायरीखाली उभं केलं, त्याच कामावाचून शरीराचं पान हलत नव्हतं. येसकर नसेल तर अख्खी फौज चावडीत घोरत पडेल आणि माणूस मरून जाईल, हे आता जाड पुस्तकात छापलेलं होतं. त्या दिवसापासून टोचायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ही गोष्ट सांगू लागला. येसकर, चिंधी, काठी, चावडी. आणि शेवट ठरलेला: "पायाला जखम झाली की जांघेत गाठ सुजते, आपण तिला अवधाण म्हणतो. अवधाण आलं की समजायचं, चावडी भरली."

डॉक्टरनं त्याला दोनदा बजावलं होतं. "साळवे, इतकं सोपं करू नका. फौज उभी राहायला दहा-बारा दिवस लागतात. मेलेला जंतू एकदा दाखवून भागत नाही, पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो. ते सांगत जा." रविंद्र मान डोलवायचा. पण सांगताना ते राहून जायचं. चावडी भरली म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उजळायचा, गोष्ट तिथं झकास संपायची. दहा-बारा दिवसांचं शेपूट तिला कुठं जोडायचं? चांगल्या सांगणाऱ्याला हा रोग असतोच.

त्या साली दिवाळीनंतर बहिरू धनगराचा वाडा बोरीत हौशीरामाच्या वावरात उतरला होता. वाडा म्हणजे चार बिऱ्हाडं, तीनेकशे मेंढरं, पालं लादलेली घोडी आणि राखणीची कुत्री. मूळचे आंबेगावातल्या पेठेचे. पावसाळा घरी काढायचा, दिवाळी झाली की ओतूरवरून माळशेज घाट उतरून कोकणात जायचं आणि मिरगाआधी परतायचं. वाटेत कुणी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घेतली की दोन-चार मुक्काम पडायचे.

बहिरू सकाळी बायकोला घोडीवर बसवून दवाखान्यात आला. सुंदराच्या पोटरीला चिंधी गुंडाळलेली, तिच्यातून हळद आणि तिखट गळत होतं.

"कुत्रं कुणाचं?" रविंद्रनं चिंधी सोडता सोडता विचारलं.

"आमचंच," बहिरू म्हणाला. "बाज्या. लई गुणाचं व्हतं, राव. दिवाळीच्या आदी कोल्ह्यासंगं झटलं. काल येकायेकी हिच्या पायाला लागलं."

"आता कुठंय?"

"खुट्याला बांधलंय. लाळ गळतीया. घास बी खाईना."

रविंद्र आणि डॉक्टरनं एकमेकांकडं पाहिलं. तिखट भरल्याबद्दल रविंद्रनं बहिरूला चार शब्द सुनावले आणि नळाखाली साबणानं जखम धुवायला घेतली. डॉक्टर फोनला लागला. अशा खोल चाव्यात जखमेतच टोचायचं तयार औषध असतं, त्याला फौज जमायची वाट बघावी लागत नाही. ते पुण्याला मिळालं तर मिळायचं. त्या आठवड्यात नव्हतं. राहिली लस. चौदा दिवस, रोज एक, पोटात.

"चौदा?" बहिरू म्हणाला. "आमी तर पाच-सा दिसांत हलनार."

"हलायचं मग बघू," डॉक्टर म्हणाला. "कुत्रं पिसाळलेलं आहे. चौदा झाल्याच पाहिजेत."

पिसाळलेल्या कुत्र्याचं विष नसेच्या वाटेनं मेंदूकडं चालत जातं. पोटरीपासून डोक्यापर्यंतची वाट लांब, म्हणजे वेळ होता. तेवढ्या वेळात येसकरानं चावडी जागी केली तर सुंदरा जगणार, नाहीतर नाही. पुढचं सारं एवढ्यावर होतं आणि रविंद्रला ते पुरतं माहीत होतं.

सुंदरा तिशीची, उंच, उन्हानं रापलेली आणि जिभेची सैल. पोट उघडं करून बाकड्यावर पडली आणि ती मोठी सुई बघून म्हणाली, "ह्यात काय भरलंय ते तर सांगा, भाऊ."

"मेंढीच्या मेंदूत वाढवून मारलेला जंतू."

सुंदरा मोठ्यानं हसली. "आवं, म्हंजी आमचंच मेंढरू आमालाच टोचताय व्हय?"

रविंद्रला असा ऐकणारा माणूस उभ्या जन्मात मिळाला नव्हता. बाकीचे ऐकून घ्यायचे, ही प्रश्न विचारायची. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, येसकराला वाटेत कुणी अडवलं तर? तिसऱ्या दिवशी: एवढ्या गर्दीत वळखनारा सापडंस्तवर दुश्मन पुढं गेला तर? रविंद्र खुलायचा. पोटावरची जागा आणि पोटरी, दोन्हींची वाट जांघेतल्याच गाठीत जाते, तिथंच तुमची चावडी, असं तिला बोट दाखवून सांगायचा. तिसऱ्याच दिवशी बाज्या मेला. बहिरूनं त्याला वावराच्या कडेला पुरलं आणि येताना तोंड फिरवून डोळे पुसले.

पाचव्या दिवशी बहिरू म्हणाला, "हौशीरामाचं वावार बसवून झालं. म्होरचे वाडे घाटाला लागले. आमी मागं ऱ्हायलो तर मेंढरांनी काय खायाचं?"

"मेंढरं जाऊ द्या," रविंद्र म्हणाला. "यांना ठेवा. नऊ दिवसांचा प्रश्न आहे. माझ्या घरी राहतील. ज्योत्स्ना आहे, लेकरं आहेत. रोज मीच सायकलवर आणीन आणि मागनं घाटाखाली पोचवीन."

बहिरूनं खाली बघितलं. रविंद्रचं घर बोरीच्या बौद्धवस्तीत होतं, हे त्याला ठाऊक होतं. सुंदरा काही बोलणार होती, तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि ओठ मिटले.

"बगू," बहिरू म्हणाला. "वाड्यात इचारतो."

या "बगू"चा अर्थ रविंद्रला सांगावा लागत नव्हता. तो लहानपणापासून त्याच्या ओळखीचा होता. त्यानं सिरींज उकळायला टाकली आणि पुन्हा विषय काढला नाही. पुन्हा एकदा म्हणायला हवं होतं. हात जोडून, पाय धरून, भांडून म्हणायला हवं होतं. समोरच्या बाईचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा आपला मान सांभाळत बसला. त्याचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही, पिढ्यांचा होता. पण तो काढायची ती वेळ नव्हती.

सहाव्या दिवशी सुंदराला कणकण होती, लंगडत आली, कमी बोलली. सुई घेऊन गेली. सातव्या दिवशी आली नाही.

रविंद्रनं दुपारपर्यंत वाट पाहिली, मग सायकल काढून बोरी गाठली. वावर रिकामं होतं. लेंड्या, विझलेल्या तीन चुली आणि बाज्यावर रचलेले दगड. हौशीराम बांधावर उभा होता.

"तांबडं फुटायला गेली की," तो म्हणाला. "बाईच्या जांगंत रातच्याला गाठ आली. ही लिंबायेवडी. बहिरू लई खुशीत व्हता. म्हणला, साळवेभाऊनं सांगितलं व्हतं तसं अवदान आलं, चावडी भरली. आमच्या मेंढराला येक सुई वर्सभर पुरती, हिला तर सा झाल्या. आता कशाला पोट फोडून घ्यायचं?"

रविंद्र सायकल धरून उभा राहिला. धनगर पावसाळ्याआधी मेंढरांना आंत्रविषार या पोटाच्या रोगाची एक सुई टोचून घेतात आणि वर्षभर तिकडं बघत नाहीत. बहिरूनं आपल्या धंद्यातलं शहाणपण आणि रविंद्रची गोष्ट एकत्र करून चोख हिशेब मांडला होता. त्या हिशेबात चूक काढायची तर ती रविंद्रच्या गोष्टीतच काढावी लागणार होती.

वाडा त्या दिवशी फार तर आळेफाट्याच्या पुढं पोचला असेल. सायकलवर दीड-दोन तासांची वाट. रविंद्र गेला नाही. पोलिओचा रविवार तोंडावर आला होता, बर्फाच्या पेट्या, याद्या, बूथ, सगळं त्याच्या गळ्यात, असं त्यानं डॉक्टरला सांगितलं. ते खरंही होतं. पण माघारी पॅडल मारताना त्याच्या मनात खाली बघणारा बहिरू उभा होता, हेही खरं. माझ्या घरात राहायला चालत नाही, तर मी तरी का धावू? असं तो ज्योत्स्नाला म्हणाला. ज्योत्स्ना भाकरी थापता थापता थांबली. "त्या बाईनं कुठं न्हाई म्हणलं?" एवढंच तिनं विचारलं.

तो गेला चौथ्या दिवशी. ओतूर ओलांडलं, मढपर्यंत गेला. तिथं कळलं, वाडा कालच घाट उतरला. खाली मुरबाडकडं डोंगराच्या कुशीत शेकडो वाड्या, त्यांत बहिरू कुठं शोधायचा? रविंद्र घाटाच्या तोंडाशी थोडा वेळ बसला आणि परत फिरला.

महिना गेला. जानेवारी लागला होता. सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्याच्या दारात भाड्याची जीप थांबली. मागच्या बाकड्यावर सुंदरा होती, दोन्ही बाजूंनी दोन बायांनी धरलेली. डोक्यावरून घोंगडं ओढलेलं, कारण तोंडाला वारा लागला की तिचा गळा आवळून यायचा. दोन दिवस पाण्याचा थेंब गेला नव्हता. तांब्या दिसला तरी अंग वाकडं व्हायचं. मुरबाडच्या बाजूला कुणीतरी पुण्याला न्या म्हणालं होतं, पण सुंदरानं हट्ट धरला, आधी साळवेभाऊकडं न्या.

डॉक्टरनं जीपमध्येच पाहिलं आणि रविंद्रला बाजूला घेतलं. आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवतील, झोपेचं औषध देतील. दवाखान्याची जीप काढली, बहिरू पुढं बसला आणि रविंद्र मागं सुंदराजवळ.

या रोगात माणूस मधेच पूर्ण शुद्धीवर येतो. हे फार वाईट आहे. वेड लागून गेलं असतं तर बरं, असं बघणाऱ्याला वाटतं. मंचर गेलं, पेठ आली. घर ओळखून बहिरू खिडकीतून बघत राहिला, जीप थांबली नाही. सुंदरानं डोळे उघडले आणि रविंद्रला ओळखलं. लाळ पुसत, अडखळत, पण साफ म्हणाली, "भाऊ, गाठ आली व्हती की. तुमी म्हणला तशीच. मी हात लावून बगितली. मंग फौज कुटं गेली?"

रविंद्रला उत्तर येत होतं. सहा सुयांनी फौज जेमतेम जागी झाली होती. तिला आणखी आठ दिवस तोच तुकडा दाखवायचा राहिला. आणि ती गाठ कशाची होती कुणास ठाऊक. तिखट भरून पिकलेल्या जखमेच्या पुवानंही अवधाण येतं. चावडी भरली असेल, पण दुसऱ्याच चोरासाठी. हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं. त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "हायती. येत्याल."

खेडच्या अलीकडे ती गेली.

जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. ड्रायव्हर लांब जाऊन बिडी ओढत बसला. बहिरू उकिडवा बसून मातीत बोटानं रेघा ओढत होता. बऱ्याच वेळानं त्यानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर रविंद्रला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

"साळवेभाऊ, येक इचारू? मीच तिला निग म्हणलो. ती म्हणत व्हती भाऊला इचारून जाऊ. मी म्हणलो, गाठ आली, आता कशाला? माजं चुकलं का?"

हाच तो क्षण. रविंद्रनं म्हणायचं होतं: तुझं नाही, माझं चुकलं. गाठ आली की काम झालं असं मी सांगितलं, आणि ते अर्धंच सांगितलं. तू ऐकलंस ते बरोबरच ऐकलंस. तू गेलास तेव्हा मी मागं धावलो नाही, कारण मला राग होता. तीन-चार वाक्यं होती. दिवसभर बडबडणाऱ्या माणसाला काय अवघड?

"चौदा पुऱ्या करायला पायजे व्हत्या, बहिरू," तो म्हणाला.

बहिरूनं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिला. मग उठला आणि बायकोजवळ जाऊन बसला.

संध्याकाळी पेठेत माती झाली. रविंद्र लांब उभा राहिला. घरी येऊन त्यानं ज्योत्स्नाला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी जावा आन त्याला सांगा. तो माणूस जिता हाय तवर सांगा." डॉक्टर मात्र वेगळं म्हणाला. ही जुनी लस अशीच आहे, चौदा झाल्या असत्या तरी खात्री देता आली नसती. रविंद्रनं डॉक्टरचं धरलं. आपल्याला सोयीचं असतं ते माणूस लवकर पाठ करतो. सकाळ झाली, तो कामावर गेला. दुसरी सकाळ झाली. असं करता करता बहिरू सुंदराच्या लेकराला पेठेत आजीकडं ठेवून पुन्हा मेंढरांमागं गेला.

रविंद्रचं बोलणं तेव्हापासून आटलं. येसकराची गोष्ट त्यानं परत कुणाला सांगितली नाही. लोक गमतीनं म्हणायचे, "साळवेभाऊ, आज कता न्हाई व्हय?" तो सुई टोचायचा, कागदावर पुढची तारीख लिहायचा आणि ती माणसाकडून तीनदा वदवून घ्यायचा. तारखेला कुणी चुकला की सायकल काढून त्याच्या दारात जायचा, पाऊस असो, पोलिओ असो. लोकांना वाटलं, गडी वयानं शांत झाला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बहिरू दवाखान्यात आला. सोबत आळकुटीकडच्या वाड्यातला एक म्हातारा, हाताला कुत्रं चावलेला. "ह्यास्नी समद्या सुया द्या," तो म्हणाला. "मी वाड्यात सांगितलंय, चौदा झाल्याबिगार ह्यो हलनार न्हाई. आमी थांबतो." आणि खरंच, चार बिऱ्हाडं चौदा दिवस थांबली, मेंढरांना उसाचं वाढं विकत घेऊन घातलं. शेवटच्या दिवशी रविंद्रनं धीर केला. बहिरूला बाहेर लिंबाखाली नेलं. "बहिरू, सुंदराबाईचं तुला सांगायचंय," त्यानं सुरुवात केली.

"नगा भाऊ," बहिरूनं त्याचा हात धरला. "तुमी तवा धा डाव सांगितलं व्हतं, चौदा घ्या म्हनून. तुमच्या घरात ठिवून घ्यायला बी तयार व्हता. मीच जातीपायी आडमुठेपना केला. तुमच्यासारका मानूस न्हाई."

दहा वेळा सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी डॉक्टरनं एकदा सांगितलं होतं, आणि घराचं रविंद्र एकदाच बोलला होता. बाकीचं बहिरूनं वर्षभर रानात एकट्यानं मनाशी रचलं होतं, स्वतःला शिक्षा म्हणून. त्यातली एकही वीट काढायची तर रविंद्रला खाली उतरून स्वतः तिथं उभं राहावं लागलं असतं. तो उतरला नाही. बहिरूनं त्याला नमस्कार केला आणि निघून गेला.

मग हे दर साल होऊ लागलं. बहिरू वाड्यावाड्यांतून हिंडायचा, कोकणात जाताना, येताना, जत्रेत, बाजारात. कुणाला कुत्रं चावल्याचं कळलं की तिथं जाऊन बसायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचा, की मी माझी बायको माझ्या हातानं मारली. सा सुयांवर तिला वढून नेली. तुमी तसं करू नका. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मग त्या भागातला धनगर सुया अर्ध्यावर सोडेनासा झाला. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी साळव्यांचं नाव घेतलं, एकही पेशंट सुटत नाही म्हणून टाळ्या वाजल्या. रविंद्र मागच्या खुर्चीवर बसून होता. ज्योत्स्नानं त्या दिवशी विचारलं, "सांगितलं का त्याला?" नंतर तिनं विचारणंही सोडलं.

पुढं मेंढीच्या मेंदूची लस बंद झाली. नवी आली, दंडात घ्यायची, पाचच सुया. डॉक्टर कधीच शहरात गेला होता. दोन हजार सहाच्या डिसेंबरात एक तरणा धनगर इंजेक्शनच्या खोलीत आला. सयाजी नाव. मनगटाला दातांच्या खुणा, साबणानं स्वच्छ धुतलेल्या.

"बहिरूतात्यांनी धाडलंय," तो म्हणाला. "आदी साबनानं धू म्हणाले, मंग तुमच्याकडं जा म्हणाले. तुमी सांगाल तवाच उठायचं."

रविंद्रनं लसीची बाटली फ्रिजमधून काढली.

"भाऊ, त्ये सांगत्यात," सयाजी जरा चाचरत म्हणाला, "त्यांची बायकू त्यांच्याच चुकीनं गेली म्हनून. लई रडत्यात सांगताना. आमच्या आईला खरं वाटत न्हाई. ती म्हणती, येवडा चांगला मानूस असं करंल व्हय? तुमी तर तवा हितंच व्हता. खरंय का त्ये?"

रविंद्रनं सुई उजेडाकडं धरून हवा काढली.

"खरंय," तो म्हणाला. "बाही वर कर."